माउंट काढा, पण त्याची कामं वाटून द्या

प्रश्न असा आहे. जुळे सोलापूरच्या एका तरुण छायाचित्रकाराने गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेतले बारा फोटो कॉटन कागदावर पिगमेंट शाईने छापून आणलेत. दहा प्रिंट १६ × २४ इंचांच्या, दोन २४ × ३६ च्या. त्याला माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवतात ती बोर्डाची रुंद पट्टी, नको आहे, चित्र थेट फ्रेमच्या पट्टीला भिडलेलं हवं आहे. दुकानात सांगितलं गेलं, "माउंट नाही ना, मग काचेला लावून बसवतो, काही होत नाही." त्याने विचारलंय, हे खरं का?

खरं नाही. काचेला लावून बसवू नका. माउंट नको हा तुमचा विचार मात्र चुकीचा नाही. नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक, माणसांचा तो लोंढा, याभोवती चार बोटं पांढरी पट्टी आली की चित्र खिडकीतून बघितल्यासारखं दूर जातं. माउंटशिवाय ते अंगावर येतं. पण माउंट म्हणजे नुसती शोभा नव्हे, आणि तो काढताना हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आधी काचेला लावल्यावर काय होतं ते सांगतो. मी या फ्रेमच्या धंद्यात नवा असताना एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या होत्या. जुन्या मिलच्या फाटकासमोर उभे चार कामगार, काळा-पांढरा फोटो, सागवानी फ्रेम. काच तडकली होती, ती बदलून हवी होती. मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटल्या, फळी काढली, आत वर्तमानपत्राची घडी, ती काढली. फोटो मात्र निघेना. पुढून तिरकं बघितलं तर बाईंच्या वडिलांच्या कोटावर आणि अर्ध्या चेहऱ्यावर ओला डाग पडल्यासारखी चकाकी होती. तेवढा भाग काचेला धरला होता. मी पातळ सुरी आत सरकवली आणि हलक्या हाताने कागद ओढला. कागद आला, चेहरा काचेवर राहिला. बाई काही बोलल्या नाहीत. काच आणि कागद दोन्ही पिशवीत घालून घेऊन गेल्या. तेव्हापासून माझ्या हातून एकही फोटो काचेला लागून फ्रेममध्ये गेलेला नाही.

(तुमच्या घरी असा काचेला चिकटलेला जुना फोटो असेल तर ओढू नका, हेअर ड्रायर लावू नका, पाण्यात टाकू नका. काच शाबूत असेल तर काचेसकट स्कॅनरवर ठेवा किंवा तिरक्या उजेडात कॅमेऱ्याने त्याची प्रत टिपून घ्या. मूळ फोटो तसाच जपून ठेवा. तो सोडवणं संवर्धकाचं काम आहे.)

असं का होतं? जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. हवेत ओल वाढली की जिलेटिन फुगून मऊ होतं आणि काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला घट्ट धरतं. शिवाय रात्री काच आधी गार होते आणि फ्रेममधल्या हवेतली वाफ तिच्या आतल्या बाजूवर दव होऊन बसते. मध्ये फट असेल तर ते दव सकाळी उडून जातं. फट नसेल तर काच आणि कागदाच्या मध्ये पाणी केशाकर्षणाने पसरतं आणि तिथेच राहतं. तुमचा मॅट कॉटन कागद जिलेटिनसारखा काचेला धरणार नाही हे मान्य. पण जिथे काच टेकते तिथे मखमलीसारखा पृष्ठभाग दबून चकचकीत पडतो, गडद जागची शाई काचेवर उठते आणि ओल कोंडली तर बुरशीचे ठिपके येतात. यात्रेतल्या होमाच्या रात्रीचे फोटो असतील तर त्यातल्या गच्च काळ्या भागावर हे सगळ्यात आधी दिसेल.

आता माउंटकडे येऊ. तो तीन कामं करतो. काच आणि प्रिंटमध्ये हवेची फट राखतो. प्रिंटच्या कडा हलकेच दाबून कागद सपाट ठेवतो. आणि चित्राच्या कडेपासून फ्रेमपर्यंत डोळ्याला थोडी जागा देतो. माउंट काढलात की ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतात. माझ्या दुकानात बिघडून येणाऱ्या बहुतेक माउंटविरहित फ्रेमांत यातलं एखादं काम कुणालाच दिलेलं नसतं.

फटीचं काम स्पेसरकडे. स्पेसर म्हणजे काचेच्या आतल्या कडेला चारी बाजूंनी बसणारी बारीक पट्टी, फ्रेमच्या ओठाखाली, म्हणजे काचेवर पुढून येणाऱ्या कडेखाली, लपणारी. परदेशात ती तयार मिळते, आपल्याकडे ती सहसा करून घ्यावी लागते. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणारे लेझर कटिंगवाले आता गावात भरपूर आहेत. त्यांच्याकडून ४ मिलिमीटर जाड ॲक्रिलिक शीटमधून ५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून घ्या आणि त्या उभ्या लावा. म्हणजे फट ५ मिलिमीटरची मिळते आणि ओठाखाली जागा फक्त ४ लागते. उभी लावण्यात आणखी एक फायदा आहे. आत दिसणारी बाजू शीटची मूळ गुळगुळीत बाजू असते आणि कापलेली कड काचेकडे आणि प्रिंटकडे जाते. ती कड धारदार असते, म्हणून बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवायचा. रंग विचार करून घ्या, कारण बाजूने बघणाऱ्याला स्पेसरची भिंत दिसतेच. पांढऱ्या कडांच्या प्रिंटला पांढरा, रात्रीच्या फोटोंना काळा. पारदर्शक स्पेसर ऐकायला छान वाटतो, प्रत्यक्षात त्यातून चिकटपट्टी दिसते.

ही पट्टी काचेला दुहेरी टेपने लावतात आणि सोलापुरात खरी गडबड इथेच होते. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, पश्चिमेच्या भिंतीवरची फ्रेम त्याहून तापते, टेपचा चीक मऊ पडतो आणि वरचा स्पेसर हळूहळू खाली झुकतो. एक दिवस चित्राच्या माथ्यावर तिरकी रेघ दिसते. म्हणून मी फक्त टेपवर विसंबत नाही. वरची आणि खालची पट्टी पूर्ण लांबीची कापतो, बाजूच्या दोन पट्ट्या त्यांच्या मध्ये नेमक्या घट्ट बसतील अशा कापतो. मग बाजूच्या पट्ट्या खांबासारख्या वरचीला तोलून धरतात. टेप सुटली तरी पट्टी पडायला जागा उरत नाही. हे कापताना अर्धा मिलिमीटरही महत्त्वाचा असतो, तेव्हा माप मोजायच्या टेपने घेऊ नका, काच ठेवून त्यावरच खूण करा.

मोठ्या दोन प्रिंटसाठी फट ६ ते ८ मिलिमीटर ठेवा. एवढ्या मोठ्या फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक लावलं असेल तर ते मध्ये आत झुकतं.

एवढं सगळं फ्रेमच्या मागच्या खाचेत मावायला हवं. लहान फ्रेममध्ये काच २, स्पेसर ५, प्रिंट आणि तिच्या मागचा बोर्ड मिळून ३, मागचा हार्डबोर्ड ३, म्हणजे १३ मिलिमीटर. मागून चुका ठोकायला आणखी तीन धरा. १६ मिलिमीटर खोल खाच लागेल. बाजारातल्या फ्रेमच्या नेहमीच्या सिंथेटिक पट्टीची खाच आठ-दहाची असते. अशा पट्टीत सगळं कोंबलं की मागचा बोर्ड बाहेर येतो, आणि मग दुकानदार स्पेसरच काढून टाकतो. तेव्हा आधी खाच मोजा, मग पट्टीचा रंग आणि नक्षी बघा. सागवान किंवा पाइनची खोल पट्टी सुताराकडून काढून घेतलीत तर उत्तमच. फक्त ओठ किमान ६ मिलिमीटर रुंद ठेवायला सांगा, नाहीतर स्पेसर डोकावेल.

ओठाचा विषय निघाला म्हणून तिसरं काम इथेच सांगतो. ओठ प्रिंटच्या चारी बाजूंचे पाच-सहा मिलिमीटर खातो. तुम्ही चित्र कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापलं असेल तर तेवढं चित्र गेलं. नंदीध्वजाचं टोक फोटोच्या वरच्या कडेला टेकलेलं असेल तर ते फ्रेमखाली जाईल, आणि टोक कापलेला नंदीध्वज सोलापूरच्या माणसाला सहन होणार नाही. पुढच्या वेळी कागदावरच पांढरा समास सोडून छापा. मोठ्या प्रिंटला दोन इंच, लहानांना दीड. माउंटचं दृश्य काम कागद स्वतःच करतो, आणि कॉटन कागदाचा तो मऊ पांढरा रंग कुठल्याही माउंट बोर्डापेक्षा देखणा असतो. मला विचाराल तर माउंटशिवाय फ्रेम करण्याची हीच सगळ्यात सुंदर पद्धत आहे. तुम्हाला पट्टीला भिडलेलं चित्रच हवं असेल तरी किमान १० मिलिमीटर कोरा कागद ठेवा, म्हणजे ओठ आणि स्पेसर त्या कोऱ्या जागेवर बसतील.

समास सोडताना एका गोष्टीकडे बघा. यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या आणि कितीतरी भक्तांच्या अंगावर पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा अंगरखा, असते. बाराबंदीतला माणूस चित्राच्या कडेला असेल आणि उन्हात कापड पूर्ण पांढरं उडालं असेल, तर पांढऱ्या समासात चित्राची कड विरघळते. तिथे चित्र फाटल्यासारखं दिसतं. छापण्याआधी त्या पांढऱ्यात किंचित राखाडी आणा, किंवा चित्राभोवती केसासारखी बारीक करडी रेघ छापा.

आता सपाटपणा. कागद ओल घेतो, वाढतो, सुकतो, आकसतो. सोलापूरची हवा कोरडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उन्हाळ्यात आपण घरोघरी कूलर लावतो. बाहेर रखरखीत ऊन, खोलीत वाळ्याच्या ताट्यांतून येणारा ओला झोत, रात्री कूलर बंद, पुन्हा कोरडं. कागद दिवसातून एकदा फुगतो आणि एकदा आकसतो. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात कागद फुगतो आणि बराच काळ तसाच राहतो. आपल्याकडे मे महिन्यात तो रोज कवायत करतो. अशा कागदाला चारी कडांनी चिकटवून टाकलंत तर वाढायला जागा न मिळाल्याने तो मध्येच लाटा काढतो. म्हणून १६ × २४ च्या प्रिंट फक्त वरच्या कडेला टांगायच्या. बाजू आणि खालची कड मोकळी ठेवायची, आणि खाचेत सगळं मिळून दोन-तीन मिलिमीटर सैल जागा ठेवायची.

टांगायचं म्हणजे पातळ पण चिवट जपानी कागदाच्या दोन पट्ट्या प्रिंटच्या मागे वरच्या कडेला लावून त्या मागच्या ॲसिड-फ्री बोर्डाला चिकटवायच्या. चिकटवायला खळ वापरायची. खळ हा शब्द सोलापुरात कुणाला शिकवावा लागत नाही, ताण्याला खळ दिल्याशिवाय माग चालत नाही. इथे मात्र गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ लागते. एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायची, पारदर्शक आणि दाट होईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून दाबून काढायची. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकतात. तुम्ही टाकू नका. मोरचुदातलं तांबं कागदाला हळूहळू ठिसूळ करतं. थोडीच खळ करा, दोन-तीन दिवसांत संपवा, उरली तर फेका. पट्टीला अगदी पातळ लावा, वर ब्लॉटिंग पेपर आणि वजन ठेवून अर्धा-पाऊण तास वाळू द्या. ही खळ पुढे कधीही थोड्या पाण्याने सुटते आणि प्रिंट जशीच्या तशी मोकळी होते. फेव्हिकॉल लाकडाच्या कोपऱ्यांसाठी उत्तम, प्रिंटच्या पाठीला नको. सेलोटेप तर नकोच, तिचा चीक पिवळा पडून कागदात उतरतो.

२४ × ३६ च्या दोन प्रिंट टांगून भागणार नाही. एवढा कागद माउंटच्या दाबाशिवाय सपाट राहत नाही, कितीही काळजी घ्या. त्या ३ मिलिमीटरच्या एसीपी शीटवर पूर्ण चिकटवाव्या लागतील. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तीच शीट, दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये प्लॅस्टिक. ती वाकत नाही आणि ओल पीत नाही. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे कोल्ड लॅमिनेशनचं रोलर मशीन असतं, पण तिथली धूळ बघून जा. चिकट फिल्म आणि प्रिंटमध्ये एक कण जरी गेला तरी उजेड तिरका पडला की आयुष्यभर फोड दिसतो. फिल्म ॲसिड-फ्री मागा. आणि हे मनाशी धरून करा की चिकटवलेली प्रिंट पुन्हा निघत नाही. संग्रहासाठी ठेवायची असेल तर दुसरी प्रत छापून सपाट पेटीत ठेवा. सनबोर्डवर चिकटवायचा सल्ला मिळेल, कारण तो स्वस्त आणि हलका आहे. तो पीव्हीसीचा असतो, जुना होताना आम्ल सोडतो आणि उन्हाच्या तापाने वाकतो. प्रदर्शन दोन दिवसांचं असेल तर ठीक, घरात वर्षानुवर्षं लावायच्या चित्राला नको.

काचेबद्दल एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आपल्याकडे 'नॉन-रिफ्लेक्टिव्ह' म्हणून जी खरखरीत धुरकट काच मिळते ती स्पेसरबरोबर वापरू नका. ती प्रिंटला टेकलेली असेल तरच चित्र स्वच्छ दिसतं. पाच मिलिमीटर दूर गेली की तुमच्या फोटोवर धुकं उतरतं आणि तुम्ही लेन्सला दोष देत बसता. साधी पारदर्शक काच परवडली. तिच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ८ टक्के उजेड परतवतात, म्हणून ती खिडकीसमोर लावायची नाही, इतकंच. ऐपत असेल तर म्युझियम ग्लास मागवा. तिच्यावर प्रकाशीय थर असतो, परावर्तन एक टक्क्याच्या आसपास येतं आणि फट कितीही असली तरी चित्र धूसर होत नाही. शिवाय ती अतिनील किरण अडवते. साधी काच ते पुरेसे अडवत नाही. मोठ्या दोन फ्रेमांना मी ॲक्रिलिक लावेन. २४ × ३६ ची ३ मिलिमीटर काच सव्वाचार किलोच्या आसपास भरते, तेवढंच ॲक्रिलिक दोन किलो. ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि धूळ ओढली जाते, कोरड्या फडक्याने घासलं की आणखीच. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसायचं.

काच पूर्ण वगळायचा मोह होईल. सोलापूरची धूळ आणि माश्या बघता मी तो सल्ला देणार नाही. मॅट कागदावर बसलेली माशीची घाण पुसता येत नाही.

तुम्ही मोठ्या गॅलऱ्यांत ॲक्रिलिकला पूर्ण भिडलेले फोटो पाहिले असतील. आंद्रेयास गुर्स्की यांची 'ऱ्हाइन २' ही कलाकृती तशीच आहे, २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ४३ लाख डॉलर्सहून जास्त किंमत आली. पण तिथे फोटो ॲक्रिलिकला टेकवलेला नसतो, तर सगळ्या पृष्ठभागावर चिकटवलेला असतो. मध्ये हवाच नाही, म्हणून दवही नाही. ते वेगळं तंत्र आहे, कायमचं आहे, आणि तुमच्या मॅट कॉटन कागदाला ते मानवणारही नाही.

मागच्या बाजूचं थोडक्यात: हार्डबोर्ड आणि प्रिंट यांच्यामध्ये ॲसिड-फ्री बोर्ड हवाच, वर्तमानपत्राची घडी नको. चुका ठोकून झाल्यावर सगळी फट गोंदाच्या कागदी टेपने बंद करा. यंत्रमागाच्या भागात घर असेल तर कापसाचे बारीक तंतू कुठूनही आत शिरतात, आणि कसर तर स्टार्चच्या वासावरच येते. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गोट्या लावा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहील.

आणि घाई करू नका. ताज्या छापलेल्या प्रिंटमधून शाईतले द्रव दोन-तीन दिवस हळूहळू उडत असतात. लगेच फ्रेममध्ये कोंडल्या तर तेच काचेच्या आत तेलकट धुरळा होऊन बसतात. प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवा, रोज बदला, आठवड्याने फ्रेमवाल्याकडे जा. जाताना स्पेसर स्वतः कापून न्या आणि समोर उभं राहून लावून घ्या. आपल्या कारागिरांचा हात चांगला आहे, स्पेसर त्यांच्याकडे कुणी मागत नाही एवढंच. एकदा करून बघितला की पुढच्या गिऱ्हाईकाला ते स्वतःच सुचवतात.

फ्रेमा लावताना कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळा, आणि नवा रंग दिलेली किंवा बाथरूमला लागून असलेली भिंतही. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. पहिल्या सप्टेंबरच्या शेवटी दिवा मालवून टॉर्च फ्रेमच्या कडेने तिरकी धरा. कागदावर मंद, लांबट लाट दिसली तर घाबरू नका, ती दिवाळीपर्यंत बसते. लाट पुढे येऊन काचेला टेकत असेल, तर ती फ्रेम त्याच आठवड्यात खाली उतरवा, मागून उघडा आणि स्पेसर तीन मिलिमीटरने वाढवून घ्या.